आठला घरी, पावणेनऊला पानं

गणपती गेले, पितृपक्ष सरला की महाराष्ट्रात वर्षातला एक अवघड काळ सुरू होतो. पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो. मुंबईतून तो सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो. आभाळ मोकळं होतं, ऊन थेट जमिनीवर येतं आणि जमिनीत मुरलेली ओल वर येऊ लागते. हवा तापलेली आणि दमटही. हीच आपली ऑक्टोबर हीट. शहरात याच दिवसांत मुलांच्या सहामाही परीक्षा असतात आणि कचेरीत दिवाळीआधी उरकायची कामं असतात. गावाकडे सोयाबीनची काढणी, भुईमुगाची उपटणी, कोकणात भातकापणी. घर कुठलंही असो, संध्याकाळी माणसं घामेजून, थकून येतात आणि गॅसपाशी तासभर उभं राहण्याचं त्राण कुणातच उरलेलं नसतं.

मराठी स्वयंपाकघराला ही अडचण नवी नाही. सुगीच्या दिवसांत उन्हं कलेपर्यंत शेतात राबून आलेल्या बाईलाही रात्री घरच्या सगळ्यांना जेवू घालायचंच असे. तिने शोधलेली वाट आजही उपयोगी आहे. रात्रीचा स्वयंपाक लवकर व्हायचा तर त्यातलं वेळखाऊ काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं लागतं. भाजणी, कुळथाची पिठी, मेतकूट, मोड आलेली मटकी, भिजलेली डाळ या सगळ्यांत ते काम साठवलेलं असतं. माझ्या मते पाककृती शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा घरातले डबे नीट भरणं जास्त फायद्याचं. एरवीही ते खरंच, पण शरदात विशेष, कारण या ऋतूत ऊन, नवं धान्य आणि ताज्या भाज्या हे तिन्ही एकदमच हाताशी येतं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. शरदात पित्त उसळतं असं मानून त्यात तांदूळ, मूग, साखर, आवळा, पडवळ असा हलका आहार सांगितला आहे. दही, तेल, तीक्ष्ण मद्य आणि गळ्याशी येईपर्यंत जेवणं टाळायला सांगितलं आहे. पित्ताची ती मांडणी आज कुणाला पटो न पटो, दमलेल्या घरासाठी ही यादी फार सोयीची आहे. सालं काढलेली मुगाची डाळ साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते. तुरीच्या डाळीला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. पडवळ, दुधी, दोडका या सगळ्या पाणीदार भाज्या, दहा मिनिटांत शिजणाऱ्या. आणि याच दिवसांत त्या बाजारात कोवळ्या मिळतात.

म्हणून या ऋतूतलं पहिलं जेवण मुगाच्या खिचडीचं. चार माणसांना दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ पुरते. डाळ कोरडीच, जरा वास सुटेपर्यंत भाजून घ्यावी. मग ती गिच्च होत नाही आणि चवीला खमंग लागते. तुपाची फोडणी, जिरं, हिंग, हळद, एखादी हिरवी मिरची, लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या मोठ्या फोडी, आणि आधणाचं पाणी. पाण्याचं प्रमाण मात्र तांदूळ पाहून ठरवावं. दिवाळीच्या आगेमागे बाजारात नवा तांदूळ येऊ लागतो. तो जुन्यापेक्षा पाणी कमी पितो, कमी फुलतो आणि चिकट होतो. साठवणीत दाणा जसजसा मुरतो तसतसा त्याचा चिकटपणा कमी होतो आणि पाणी शोषण्याची ताकद वाढते. पुलावासाठी जुना तांदूळ हवा हे खरं, पण मऊ खिचडी, गुरगुट्या भात आणि पेज यांना नव्या तांदळाची जी गोडी येते ती जुन्याला नाही. जुन्या तांदळाला सहा वाट्या पाणी घालत असाल तर नव्याला पाच घालून पाहा.

रोजच्या रात्रीचा खरा आधार मात्र कुकर. डाळीचा डबा खाली, भाताचा वर, जागा असेल तर त्यावर भोपळ्याच्या फोडी किंवा बटाटे. एका आचेवर तीन पदार्थ शिजतात, आणि हे सगळं वाफेवर असल्यामुळे तळाला लागायची भीती नाही. समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. मग आच कितीही मोठी करा, ते त्याहून तापत नाही. कुकरच्या आत दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. फरक वीसच अंशांचा, पण तेवढ्याने शिजण्याचा वेग इतका वाढतो की पाऊण तासाची डाळ पंधरा मिनिटांत होते.

इथे एक सवय बदलण्याजोगी आहे. आपण शिट्ट्या मोजतो. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडल्याची खूण. ती किती वेळाने येते हे आच, कुकरचा आकार आणि आतलं पाणी यांवर ठरतं. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या सहा मिनिटांत होतील, बारीक आचेवर त्यांना वीस मिनिटंही लागतील. डाळीला शिट्टी कळत नाही, तिला मिनिटं लागतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा, घड्याळ लावून बारा मिनिटं ठेवावं आणि बंद करावं. दाब टिकवायला तेवढी आच पुरते. त्याहून मोठी आच नुसतीच वाफ बाहेर घालवते आणि आधीच तापलेलं स्वयंपाकघर आणखी तापवते. गॅस बंद केल्यावरही झाकण पडेपर्यंतची आठ-दहा मिनिटं आत शिजणं चालूच असतं. काकडीची कोशिंबीर, फोडणी आणि पानं घेणं यांसाठी तेवढा वेळ भरपूर.

तरीही डाळ अख्खी राहते, अशी तक्रार बरीच ऐकू येते. तिचं कारण पुष्कळदा पाण्यात असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने जोडलेल्या असतात आणि तो विरघळला की डाळ घोटली जाते. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे पेक्टिन घट्ट करतं. आंबटाचाही परिणाम तसाच. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घालायचे. काही जण चिमूटभर सोडा टाकतात; डाळ लवकर शिजते हे खरं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही उतरते. त्यापेक्षा सकाळी घराबाहेर पडताना डाळ धुऊन, पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवावी. या हवेत ती ओट्यावर दिवसभर राहिली तर आंबेल.

शिजलेली तूर हाताशी असली की वरणफळं, म्हणजेच चकोल्या. एकाच पातेल्यात पूर्ण जेवण, भात-पोळी काही नको. डाळ घोटून, पाणी घालून, गोडा मसाला, गूळ आणि आमसूल घालून जरा पातळसर आमटी उकळत ठेवायची. तोवर कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवायची, मोठी पोळी लाटायची आणि सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. हे तुकडे आमटीत कसे सोडले यावर सगळं अवलंबून आहे. आमटी खळखळ उकळत असली पाहिजे आणि तुकडे सुटे सुटे, एकेक करून पडले पाहिजेत. उकळत्या आमटीत पडताच कणकेतला वरचा स्टार्च फुगून त्याचं पातळ कवच तयार होतं आणि मग तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. आमटी नुसती कोमट असेल तर ते कवच धरायच्या आतच कणीक विरघळते आणि खाली लगदा बसतो. आठ-दहा मिनिटांत तुकडे वर तरंगतात, आमटी दाट होते. वर तूप, कोथिंबीर. पोळ्या लाटण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, कारण लाटायचं ते दोन-तीनदाच आणि तव्यावर भाजणं नाहीच.

डाळ शिजवायलाही वेळ नसेल तर पिठलं. बेसन भिजायला, शिजायला फारसं काही लागत नाही. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी आणि दहा-बारा मिनिटं. पण गुठळ्या होतात. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात भसकन पडलं की गोळीच्या बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि पाण्याला आत जायची वाटच राहत नाही. आत पीठ कोरडं, कच्चं. ज्यांना जमतं ते एका हाताने पीठ वैरतात आणि दुसऱ्याने सतत ढवळतात. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी पीठ थंड पाण्यात सरबरीत कालवून मगच फोडणीच्या पाण्यात ओतावं. दोन्हींत शेवटी झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची, नाहीतर कच्च्या बेसनाचा वास राहतो.

कोकणात हेच काम कुळथाची पिठी करते, आणि माझ्या मते ती बेसनाहूनही दमलेल्या माणसाची मैत्रीण आहे. कुळीथ आधीच भाजून, भरडून, दळून ठेवलेले असतात. लसणीची फोडणी, पाणी, मिरची, आमसूल आणि त्यात कालवलेली तीन-चार चमचे पिठी. सात-आठ मिनिटांत पातळ, किंचित दाटसर कालवण तयार. सोबत मऊ भात आणि भाजलेला पापड. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत हे रात्रीचं नेहमीचं जेवण आहे आणि त्यात प्रथिनांचीही काही उणीव नाही.

पिठाच्या डब्यांत पहिला मान थालीपिठाच्या भाजणीचा. पावसाळाभर धान्याला जी ओल धरलेली असते ती या दिवसांच्या उन्हात जाते, म्हणून भाजणी करायला ऑक्टोबर उत्तम. ज्वारी, बाजरी आणि तांदूळ मिळून निम्म्याहून जास्त, हरभराडाळ आणि उडीद मिळून पाव हिस्सा, थोडे गहू, मूठभर धणे, जिरं. प्रत्येक घराचं प्रमाण थोडं वेगळं. धान्यं वेगवेगळी भाजायची, कारण तांदूळ फुलेपर्यंत उडीद करपून जातील. भाजण्याने दाण्यातलं पाणी कमी होतं, तो टिकाऊ होतो आणि निम्माअर्धा शिजतोही. रविवारी दोन तास मोडून केलेली भाजणी महिना-दोन महिने पुरते. मग मधल्या वारी कांदा, कोथिंबीर, किसलेला दुधी किंवा भोपळा, तिखट-मीठ घालून पीठ भिजवायचं आणि ओल्या फडक्यावर थापायचं. मधोमध आणि भोवती बोटाने भोकं पाडून त्यांत तेल सोडायचं. त्या भोकांतून तेल खालच्या बाजूपर्यंत जातं, वाफेलाही वाट मिळते आणि जाड थालीपीठ मधे कच्चं राहत नाही. लोण्याचा गोळा असला की आणखी काही मागावंसं वाटत नाही.

नवी बाजरीही याच सुमाराला बाजारात येते. तिचं पीठ मात्र डब्यात भरून ठेवायच्या कामाचं नाही. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, बऱ्याच धान्यांपेक्षा जास्त. दाणा अख्खा असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातलीच विकरं आणि हवा मिळून त्याला लागतात आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात आठवड्याभरात पीठ कडवट व्हायला लागतं. दुकानातून आणलेलं पीठ कडू लागलं की लोक बाजरीलाच नावं ठेवतात. चार-पाच दिवसांपुरतीच दळून आणावी किंवा पीठ फ्रीजमध्ये ठेवावं. भाकरीच्या पिठात गव्हासारखं चिकट ग्लुटेन नसतं, म्हणून कढत पाणी घालून मळलं की स्टार्च फुगून त्याला धर येतो आणि थापताना भाकरी फाटत नाही. भाकऱ्यांना हाताची सवय लागते हे मान्य. ती नसेल तर त्याच पिठाचं थालीपीठ लावावं, अडून बसू नये.

दळण, निवडणं, सोलणं, भिजत घालणं ही कामं नजरेत भरत नाहीत, म्हणून ती मोजलीही जात नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि पुरुष ९७ मिनिटं. शिवाय अशी कामं करणारे पुरुषच मुळात २६ टक्क्यांच्या आसपास होते. घर कामात बुडालेलं आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एकच माणूस बुडालेलं असतं. शरदातली कामं तर वाटून घ्यायला फार सोपी. ओल्या भुईमुगाच्या शेंगा, वालाच्या शेंगा कुणीही सोलू शकतं. आठवीतलं मूल कुकर लावू शकतं, डाळ-तांदळाचं माप भिंतीवर लिहून ठेवलं की झालं. थालीपीठ थापायला तर लहान मुलांना आवडतंच. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा, हा एक नियम पाळला तरी जेवण अर्ध्या तासाने अलीकडे येतं.

मोड काढायलाही हा ऋतू सोयीचा. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसून फडक्यात बांधली की या उष्म्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसू लागतात. थंडीत त्यालाच दोन दिवस लागतात. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. मोड दिसले की मात्र पुरचुंडी लगेच फ्रीजमध्ये टाकावी, नाहीतर मटकी बुळबुळीत होते. तिथे ती तीन-चार दिवस राहते, आणि उसळ पंधरा-वीस मिनिटांत होते.

किनाऱ्यावरच्या घरांना याहूनही जलद वाट आहे. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठून बोटी सुटलेल्या असतात आणि पावसाळा सरता सरता बांगडा मुबलक येतो, म्हणून स्वस्तही असतो. माशाच्या मांसाचे तंतू आखूड असतात आणि त्यांना जोडणारा कोलॅजेन मटणापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला विरघळतो. बांगड्याचं तिखलं करायचं तर खोबरं वाटायचीही गरज नाही. तिखट, हळद, आमसुलं, ठेचलेली तिरफळं, मीठ, थोडं पाणी, आणि उकळी आल्यावर आठ मिनिटं. ढवळायचं नाही, पातेलं नुसतं हलवायचं. बांगडा बाहेर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही, तेव्हा बाजारातून आल्या आल्या साफ करून थंड जागी ठेवावा.

नवरात्रात ज्यांच्या घरी नऊ दिवसांचे उपास असतात त्यांना साबुदाण्यापेक्षा भगर बरी. एक वाटी भगरीला तीन वाट्या गरम पाणी, पंधरा मिनिटं झाकण, आणि शेजारी दाण्याची आमटी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगर हे धान्य आहे आणि दाण्यांबरोबर ते पूर्ण जेवण होतं. उपास नसलेल्यांनीही रात्री खावं असं.

एवढं करून भात उरतोच. या दिवसांत उरलेल्या भाताकडे लक्ष द्यायला हवं, कारण तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात आणि ती शिजवल्यावरही जगतात. भात कुकरमध्येच कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. पुण्या-मुंबईच्या ऑक्टोबरमधल्या रात्री खोलीचं तापमान त्यांना अगदी मानवतं. म्हणून जेवणं आटोपली की भात ताटात पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा घालून फोडणीचा भात करताना तो चांगला वाफाळेपर्यंत परतावा, डब्यांत भरावा, आणि त्यातूनही उरला तर तिसऱ्यांदा तापवू नये.